पावसाची भीती, पावसाची तहान : ‘द वेस्ट लँड’ सोप्या भाषेत

दर वर्षी एप्रिल उजाडला की इंग्रजी कवितेतील एक ओळ समाजमाध्यमांवर फिरू लागते. एप्रिल हा सर्वांत निर्दय महिना आहे, अशा अर्थाची ती ओळ म्हणजे टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच भागांच्या दीर्घ कवितेचा आरंभ होय. विदर्भात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्या वाचकाला तिच्यात काही नवल वाटत नाही, कारण चैत्र-वैशाखातले ऊन, आटलेल्या विहिरी आणि टँकरची वाट पाहणारी गावे त्याच्या ओळखीची असतात. परंतु एलियटचा एप्रिल उन्हाचा नाही. इंग्लंडमध्ये हा महिना वसंताचा असतो. बर्फ सरलेला असतो, सरी येतात, झाडांना पालवी फुटते. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रजी कवीने ‘कँटरबरी टेल्स’ची सुरुवात याच महिन्याच्या गोड सरींनी केली होती आणि त्या सरी पडल्या की माणसांना तीर्थयात्रेची ओढ लागते असे म्हटले होते. मग ज्या महिन्यात सगळे पुन्हा जिवंत होते, त्याला निर्दय का म्हणावे?

उत्तर लगेच पुढच्या सहा ओळींत आहे. हा महिना मेलेल्या जमिनीतून लायलॅकची फुले उगवतो, आठवणी आणि इच्छा एकमेकींत मिसळतो आणि सुस्त पडलेल्या मुळांना पावसाने हलवून जागे करतो. हिवाळ्याने मात्र सगळे विसरायला लावणारा बर्फ अंथरून आम्हांला उबेत ठेवले होते, असे कवितेतला आवाज सांगतो. या माणसांना जागे व्हायचे नाही. जागे झाले की आठवेल, आठवले की हवेसे वाटेल आणि हवेसे वाटले की दुखेल. ‘द वेस्ट लँड’ ही कोरड्या, ओसाड प्रदेशाची कविता आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यातला कोरडेपणा पाऊस न आल्यामुळे सुरू होत नाही. तो पावसाच्या भीतीतून सुरू होतो आणि कविता संपेपर्यंत त्या भीतीची तहान झालेली असते. माझ्या वाचनात ही कविता समजण्याची किल्ली या बदलात आहे.

आधी दोन शब्दांचा अर्थ

‘द वेस्ट लँड’ला आधुनिकतावादाची आणि आध्यात्मिक रितेपणाची कविता म्हणतात. त्यांपैकी आधुनिकतावाद हे साधारण १९१० ते १९४० या काळात युरोप-अमेरिकेतील साहित्यात आणि कलेत आलेल्या एका वळणाचे नाव आहे. आजच्या काळातले ते आधुनिक, एवढ्यापुरता हा शब्द नाही. सलग गोष्ट, ठरावीक छंद आणि एकच विश्वासार्ह निवेदक या साधनांनी आपल्या काळाचा अनुभव आता सांगता येणार नाही, अशी या लेखकांची खात्री झाली होती. त्यामुळे त्यांच्या रचना तुटक दिसतात, अनेक आवाजांत बोलतात आणि जुन्या ग्रंथांचे अवशेष सोबत बाळगतात.

दुसरा शब्द आध्यात्मिक रितेपण. देव न मानणे म्हणजे रितेपण नव्हे. देव न मानणारी माणसे भरलेले आयुष्य जगतात आणि रोज पूजा करणारा माणूस आतून कोरडा असू शकतो. जन्म, लग्न, मृत्यू, ऋतू आणि रोजचे काम यांना एका धाग्यात गुंफणारा अर्थ निघून गेला, पण दिनक्रम मात्र तसाच चालू राहिला, तर जी अवस्था येते तिला येथे रितेपण म्हटले आहे.

हे रितेपण आले कोठून?

त्याची तयारी एकोणिसाव्या शतकातच झाली होती. डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ १८५९ साली आला; मॅथ्यू आर्नल्डने १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डोव्हर बीच’ या कवितेत श्रद्धेचा समुद्र ओहोटीला लागल्याचा आवाज ऐकला; आणि १८८२ साली जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने ईश्वराच्या मृत्यूची घोषणा एका वेड्याच्या तोंडी घातली. त्यानंतर १९१४ ते १९१८ या वर्षांत महायुद्ध झाले. प्रगती, विज्ञान आणि ख्रिस्ती सभ्यता यांचा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्रांनीच लक्षावधी तरुणांना खंदकांत मारले, आणि युद्ध संपता संपता इन्फ्लुएन्झाची साथ आली. पॅरिसमध्ये शिकत असताना एलियटला भेटलेला जाँ व्हर्देनाल हा मित्रही १९१५ साली दार्दानेल्सच्या लढाईत मारला गेला होता.

कवीचे स्वतःचे आयुष्यही मोडकळीला आले होते. अमेरिकेत सेंट लुइस येथे १८८८ साली जन्मलेला एलियट तत्त्वज्ञानाचा अभ्यास सोडून लंडनमध्ये स्थायिक झाला होता आणि १९१७ पासून लॉइड्स बँकेत नोकरी करीत होता. पत्नी व्हिव्हियन सतत आजारी असे आणि दोघांचा संसार दुःखाचा होता. १९२१ साली त्याची मानसिक प्रकृती इतकी ढासळली की बँकेने तीन महिन्यांची रजा दिली. ती त्याने आधी मार्गेट या समुद्रकाठच्या गावी आणि नंतर स्वित्झर्लंडमधील लोझान येथे डॉ. व्हिटोझ यांच्या उपचाराखाली घालवली. मार्गेटच्या वाळूवर कशाचाच कशाशी संबंध जोडता येत नाही, असे सांगणारा एक आवाज कवितेत आहे.

येथे कोणी विचारील की हे एका माणसाचे खासगी दुःख असेल, तर त्याला युगाचे दुःख का म्हणायचे? एलियटने स्वतः पुढे ही कविता म्हणजे जगण्याविरुद्धची आपली वैयक्तिक आणि अगदी क्षुल्लक तक्रार होती, असे म्हटल्याची नोंद आहे. परंतु एखादी जखम कोणाची आहे यावरून ती किती जणांना ओळखीची वाटेल हे ठरत नाही. बँकेतल्या एका थकलेल्या कारकुनाने लिहिलेल्या ओळींत त्या पिढीतील असंख्य तरुणांना आपला आवाज सापडला, आणि तो सापडण्याचे कारण कवितेच्या तपशिलांत आहे.

पाऊस आला की ही माणसे काय करतात?

कवितेतल्या पावसाकडे नीट लक्ष द्यावे. आरंभीच्या ओळींनंतर म्युनिकजवळच्या सरोवरावरून एक सर येते, तेव्हा बोलणारी माणसे स्तंभांच्या ओवरीत आडोशाला थांबतात आणि ऊन पडल्यावर कॉफी प्यायला बागेत जातात. दुसऱ्या भागात एका श्रीमंत घरातली स्त्री रात्री अस्वस्थ होऊन विचारते की उद्या आपण काय करायचे, पुढे कधीही आपण काय करायचे. तिला मिळणारे उत्तर असे आहे : दहा वाजता गरम पाणी, आणि पाऊस आला तर चार वाजता बंद मोटार. पहिल्या भागातील मादाम सोसोस्ट्रिस ही पत्त्यांवरून भविष्य सांगणारी बाई ग्राहकाला बजावते की पाण्याने येणाऱ्या मृत्यूला भ्यावे. ज्या प्रदेशाला पाण्यावाचून जीवन नाही, तेथील माणसे पाणी आले की आडोसा शोधतात, काच वर करतात, सावध राहतात. एवढी साधी गोष्ट एलियट कोठेही समजावून सांगत नाही. तो ती चार ठिकाणी नुसती घडू देतो.

पहिल्या भागाच्या शेवटी लंडन ब्रिजचे दृश्य येते. हिवाळ्यातील सकाळच्या तपकिरी धुक्यात पुलावरून गर्दी वाहत आहे, प्रत्येकाची नजर आपल्या पायांपुढे आहे, आणि ती गर्दी किंग विल्यम स्ट्रीटवरून सेंट मेरी वुलनॉथ या चर्चकडे जाते, जेथील घड्याळ नवाचा शेवटचा ठोका निर्जीव आवाजात देते. हा बँकांचा भाग आहे, कामावर जाणारी ही माणसे आहेत आणि नवाचा ठोका ही कामाची वेळ आहे. चर्चचा उपयोग आता वेळ सांगण्यापुरता उरला आहे. मृत्यूने इतक्या जणांना संपवले असेल असे वाटले नव्हते, ही गर्दी पाहून उच्चारलेली ओळ इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फेर्नो’ या नरकाचे वर्णन करणाऱ्या काव्यातील तिसऱ्या सर्गातून घेतलेली आहे. तेथे ती नरकाच्या दाराशी अडकलेल्या आत्म्यांविषयी आहे, ज्यांनी आयुष्यात निंदा व्हावी असे काही केले नाही आणि स्तुती व्हावी असेही काही केले नाही. स्वर्ग त्यांना घेत नाही आणि नरकही घेत नाही. पापापेक्षाही भयंकर अशी ही अर्धमेली अवस्था एलियटला आयुष्यभर छळत राहिली. १९३० साली फ्रेंच कवी बोदलेअरवर लिहिताना त्याने म्हटले की काहीच न करण्यापेक्षा वाईट करणे एका विचित्र अर्थाने बरे, कारण त्यात निदान आपण अस्तित्वात असतो.

तिसऱ्या भागातील टंकलेखिकेचा प्रसंग याचाच घरगुती अवतार आहे. ती संध्याकाळी घरी येते, सकाळच्या न्याहारीची भांडी आवरते, डब्यांतले अन्न मांडते. एक कारकून येतो, दोघांत प्रेमाविना, जवळजवळ संमतीविना आणि विरोधाविनाही संबंध होतो. तो गेल्यावर झाले एकदाचे, असा अर्धवट विचार तिच्या मनात येतो आणि ती यंत्रासारख्या हाताने केस सारखे करून ग्रामोफोनवर तबकडी लावते. या दृश्यात रितेपण पूर्णपणे उमटले आहे, याबद्दल शंका नाही. मात्र मला येथे एक खंत वाटते : श्रीमंत स्त्रीच्या व्याकुळतेला एलियट जी सहानुभूती देतो, ती या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला देत नाही, आणि तिच्या डब्यांतल्या अन्नाकडे तो किंचित नाक मुरडून पाहतो.

कविता अशी तुटकी का?

या कवितेविषयी सर्वांत मोठी तक्रार दुर्बोधतेची आहे आणि ती खोटी नाही. जेमतेम ४३४ ओळींत इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, इटालियन, लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत येते. दान्ते, शेक्सपिअर, बायबल, ऑपेरा आणि दारूच्या गुत्त्यातल्या गप्पा एकमेकींना खेटून उभ्या राहतात.

पुण्याच्या पेठेतला किंवा नाशिकच्या गावठाणातला एखादा जुना वाडा पाडला जात असताना पाहिला असेल, तर ही रचना समजायला अडचण पडू नये. ढिगाऱ्यात नक्षीची चौकट दिसते, देवघराच्या कोनाड्याचा दगड दिसतो, तुळशीवृंदावनाचा एक कोपरा दिसतो. प्रत्येक तुकडा कोणत्या खोलीत, कोणत्या कामासाठी होता हे जाणणारी माणसे आता तेथे नाहीत; तरीही तो तुकडा कशाचा तरी होता हे पाहणाऱ्याला कळते, आणि नुसत्या विटांच्या ढिगापेक्षा त्याने अधिक गलबलून येते. एलियटने युरोपीय संस्कृतीचे असे तुकडे उचलून ठेवले आहेत. कवितेच्या अखेरीस एक आवाज म्हणतोच की माझ्या पडझडीला मी या तुकड्यांचा टेकू दिला आहे. सलग, गुळगुळीत कविता लिहिली असती, तर वाडा अजून उभा आहे असे खोटे सांगितल्यासारखे झाले असते.

या तुटकपणाला एका मित्राचा हातही लागलेला आहे. कवी एझरा पाउंडने मूळ मसुद्यातील मोठमोठे भाग काढून टाकले, आणि एलियटने कविता त्यालाच अर्पण केली. तो मसुदा न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात असल्याचे १९६८ साली जाहीर झाले आणि १९७१ साली तो छापून आला, तेव्हा पाउंडच्या काटछाटीबरोबर व्हिव्हियनने दुसऱ्या भागाच्या समासात लिहिलेली दादही जगाने वाचली. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या टिपांचे मात्र दडपण घेऊ नये. त्या मासिकातील पहिल्या छपाईत नव्हत्या. कविता पुस्तकासाठी आखूड पडत होती म्हणून त्या वाढवल्या गेल्या, आणि वाचकांना नको त्या शोधाला लावल्याबद्दल एलियटने १९५६ साली खेदही व्यक्त केला.

राजा आजारी आणि जमीन नापीक

तुकड्यांच्या खाली एक जुनी कथा वाहते. ख्रिस्ताच्या पवित्र पात्राच्या, म्हणजे ग्रेलच्या, मध्ययुगीन कथांत एक जखमी राजा आहे. त्याला मासेमार राजा म्हणतात. त्याच्या जखमेमुळे त्याचे राज्यही वांझ झाले आहे. त्याच्या वाड्यात आलेल्या तरुण वीराने योग्य प्रश्न विचारला, तर राजा बरा होईल आणि जमीन हिरवी होईल. क्रेतियँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या बाराव्या शतकातील काव्यात तो वीर गप्प राहतो. फार बोलू नये असे त्याला शिकवलेले असते. समोर वेदना दिसत असूनही सभ्यतेपायी तिच्याविषयी विचारले जात नाही, आणि एक संधी निघून जाते.

जेसी वेस्टन या विदुषींनी १९२० साली लिहिलेल्या ग्रंथात आणि जेम्स फ्रेझर यांच्या मोठ्या संशोधनात एलियटला या कथेचा संबंध आणखी जुन्या विधींशी जोडलेला दिसला : वसंतात पुन्हा जिवंत होण्यासाठी मरणारे देव, आणि त्यांच्या मूर्ती पाण्यात सोडण्याची प्रथा. म्हणून कवितेत बुडणे हे नुसते मरणे नसते. चौथ्या भागात फ्लेबस हा फिनिशियन खलाशी बुडतो आणि नफा-तोटा विसरतो. दहाच ओळींचा हा भाग मला कवितेतील सर्वांत निर्मळ भाग वाटतो. फ्लेबस पुन्हा उठेल की नाही, हे तेथे सांगितलेले नाही.

आग आणि तहान

तिसऱ्या भागाला एलियटने बुद्धाच्या आदित्तपरियाय सुत्ताचे, म्हणजे अग्नीच्या प्रवचनाचे, नाव दिले आहे. गयेजवळच्या गयाशीर्ष टेकडीवर, पूर्वी अग्निपूजक असलेल्या जटाधारी भिक्षूंना बुद्धाने सांगितले की डोळे जळत आहेत, दिसणारी रूपे जळत आहेत, मन जळत आहे, आणि ही आग आसक्ती, द्वेष व मोह यांची आहे. या भागाच्या शेवटी बुद्धाचे शब्द आणि सेंट ऑगस्टीनच्या आत्मकथनातील शब्द एलियट मुद्दाम एकमेकांना लागून ठेवतो. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील दोन विरक्त माणसे एकाच निदानापर्यंत पोहोचली, असे त्याला दाखवायचे आहे. टंकलेखिकेच्या खोलीत दिसलेली थंड वासना हीसुद्धा आगच आहे, हे येथे कळते.

पाचव्या भागात सगळे बदलते. येथे पाणी नाही, फक्त खडक आहे. पाणी असते तर थांबून प्यालो असतो. निदान पाण्याचा आवाज तरी असता. पण गडगडाटही वांझ आहे, पावसावाचून. वाक्ये अडखळतात, तीच शब्दयोजना पुन्हापुन्हा येते, विरामचिन्हे गळून पडतात आणि घशाची कोरड ओळींत उतरते. पाइनच्या झाडांत गाणाऱ्या एका पक्ष्याच्या स्वरात थेंब पडल्याचा भास होतो, आणि लगेच कळते की पाणी नाही. १९२३ साली फोर्ड मॅडॉक्स फोर्ड या लेखकाला लिहिताना एलियट म्हणाला की या कवितेत सुमारे ३० ओळी चांगल्या आहेत, आणि पुढे त्याने याच एकोणतीस ओळींकडे बोट दाखवले. लोझानला लिहिलेल्या या भागाला पाउंडनेही फारसा हात लावला नाही.

ओवरीत थांबणाऱ्या आणि बंद मोटार मागवणाऱ्या माणसांपासून आपण येथवर आलो आहोत. पाऊस अजून पडलेला नाही, तरी तो हवा आहे असे आता कोणीतरी जिवाच्या आकांताने म्हणत आहे. आणि त्या वाटेवर एक विलक्षण अनुभव येतो : आपण दोघेच चालत आहोत, पण पुढे पाहिले की तुझ्या शेजारी तिसरा कोणीतरी चालताना दिसतो, तो कोण? दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या थकलेल्या प्रवाशांना आपल्यात एक माणूस जास्त असल्याचा भास होई, ही वाचलेली हकिगत आणि पुनरुत्थानानंतर एमाउसच्या वाटेवर शिष्यांना न ओळखता आलेला ख्रिस्त, हे दोन्ही संदर्भ एलियटने एकत्र केले आहेत. तो तिसरा कोण याचे उत्तर कविता देत नाही, पण असा प्रश्न पहिल्या भागातल्या गर्दीला पडणे शक्यच नव्हते, कारण तेथे प्रत्येकाची नजर स्वतःच्या पायांवर होती.

मेघ काय म्हणाला?

यानंतर कविता एकदम आपल्या प्रदेशात येते. गंगा आटली आहे, मरगळलेली पाने पावसाची वाट पाहत आहेत आणि हिमवंतावर दूर काळे ढग जमत आहेत. मग मेघ गरजतो : द.

ही कथा बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायातील आहे. देव, माणसे आणि असुर ही प्रजापतीची तिन्ही अपत्ये त्याच्याकडे ब्रह्मचर्याने राहिली आणि शेवटी उपदेश मागू लागली. प्रजापतीने प्रत्येकाला एकच अक्षर दिले, द. देवांनी त्याचा अर्थ दमन करा असा घेतला, माणसांनी दान करा असा आणि असुरांनी दया करा असा. प्रत्येकाने आपल्यात ज्याची उणीव होती तेच ऐकले, आणि तिघांचेही बरोबर ठरले. शंकराचार्यांनी भाष्यात असेही सुचवले आहे की देव आणि असुर येथे माणसांहून वेगळे नसावेत. इंद्रिये न आवरणारी, लोभी आणि क्रूर अशी माणसेच या तीन नावांनी ओळखावीत.

एलियटने क्रम बदलला आणि माणसांना दिलेला उपदेश पुढे आणला : दत्त (दान करा), दयध्वम् (दया करा), दम्यत (दमन करा). पहिल्या गर्जनेला तो विचारतो की आपण काय दिले? त्याचे उत्तर पैशाचे दान नाही. एका क्षणी स्वतःला झोकून देण्याचे जे भयंकर धाडस केले, जे शहाणपणाच्या एका युगानेही मागे घेता येत नाही, त्यानेच आपण अस्तित्वात राहिलो, आणि ते आपल्या मृत्युलेखात सापडणार नाही. दान्तेच्या नरकाच्या दाराशी अडकलेल्या माणसांना नेमके हेच जमले नव्हते. दुसऱ्या गर्जनेला कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज ऐकू येतो : प्रत्येक जण आपापल्या कोठडीत किल्लीचा विचार करीत बसला आहे, आणि तो विचारच कोठडी पक्की करतो. मासेमार राजाला न विचारलेला प्रश्न येथे आठवावा. तिसऱ्या गर्जनेत दमन म्हणजे मनाला दाबून टाकणे राहत नाही. शीड आणि वल्हे जाणणाऱ्या हाताखाली होडी आनंदाने वळते, तसे तुझे हृदयही वळले असते, असे तेथे म्हटले आहे. वळले असते, वळले नाही. या एका क्रियारूपात सगळे हुकलेले आयुष्य आहे, आणि पाण्याची भीती जेथे नाही अशी कवितेतली मोजकी जागाही हीच आहे.

शेवटी शांती मिळते का?

अनेक वाचक शेवटच्या ‘शान्तिः शान्तिः शान्तिः’ या शब्दांवर विसंबून कविता सुखान्त मानतात, तर अनेक टीकाकार ती संपूर्ण निराशेची मानतात. मला दोन्ही मते घाईची वाटतात. गर्जनेआधी पाऊस आणणारी एक ओली झुळूक येते, पण पाऊस जमिनीवर पडल्याचे कोठेही लिहिलेले नाही. अखेरच्या ओळींत एक माणूस मासे धरण्यासाठी काठावर बसला आहे, कोरडा माळ त्याच्या पाठीमागे आहे, आणि निदान आपल्या जमिनीची व्यवस्था तरी लावावी का, असे तो स्वतःला विचारतो. माळ अजून कोरडाच आहे, फक्त आता त्याची त्याकडे पाठ आहे आणि तोंड पाण्याकडे. त्यानंतर तुकड्यांचा गोंधळ उसळतो आणि तीनदा शांती म्हटली जाते. उपनिषदांच्या शांतिपाठाच्या आधी येणारा ॐकार एलियटने घेतलेला नाही.

हे सर्व उसने आहे, असा आक्षेप भारतीय वाचक घेऊ शकतो. एलियट हार्वर्डमध्ये चार्ल्स लॅनमन यांच्याकडे दोन वर्षे संस्कृत आणि जेम्स वुड्स यांच्याकडे एक वर्ष पातंजल योग शिकला होता, आणि या अभ्यासातून आपण ज्ञान होऊन गोंधळलो, अशी कबुलीही त्याने दिली. ही कविता लिहीत असताना आपण बौद्ध होण्याचा गंभीरपणे विचार केला होता, असे तो बोलल्याचे स्टीव्हन स्पेंडर या कवीने नोंदवले आहे. त्यामुळे याला वरवरची सजावट म्हणणे अन्यायाचे होईल. अधिक कठीण आक्षेप वेगळा आहे. दयध्वम् लिहिणाऱ्या याच कवीच्या इतर काही कवितांत आणि १९३३ साली व्हर्जिनियात दिलेल्या व्याख्यानांत ज्यू लोकांविषयी तुच्छता आहे, आणि ती कोणत्याही समर्थनाने पुसता येत नाही. मेघाने दिलेला उपदेश तो लिहिणाऱ्यालाही पुरता पचला नव्हता, असेच म्हणावे लागते.

पुढे १९२७ साली एलियट इंग्लंडच्या चर्चमध्ये दाखल झाला, आणि लेखिका व्हर्जिनिया वुल्फसारख्या समकालीनांना त्याचा धक्का बसला. चर्चचा आसरा घेऊन त्याने रितेपणाचा प्रश्न मिटवून टाकला, असे म्हणणाऱ्यांनी ‘ॲश वेन्झडे’ आणि ‘फोर क्वार्टेट्स’ या त्याच्या पुढच्या कविता वाचाव्यात. तेथेही कोरडेपणा आहे, शंका आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या ‘फोर क्वार्टेट्स’मधील ‘द ड्राय साल्व्हेजेस’मध्ये अर्जुनाशी बोलणारा कृष्णही आहे.

मराठी वाचकाला याचे काय?

हे युरोपचे दुःख आहे, आपल्याकडे वारी चालू आहे आणि अभंग गायिले जात आहेत, असे म्हणता येईल. बा. सी. मर्ढेकरांना (१९०९–१९५६) तसे वाटले नाही. ऐन तारुण्यात इंग्लंडला राहून आलेल्या या कवीने मुंबईतल्या गर्दीविषयी लिहिताना संतांचाच छंद उचलला : ‘सकाळी उठोनी, चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी, वीज-गाडी’. उपदेशाचा साचा तोच, आणि आत उपदेशाच्या जागी लोकलचे वेळापत्रक. एलियटने लंडनच्या कारकुनांमागे दान्तेची ओळ ठेवली, मर्ढेकरांनी मुंबईच्या कारकुनामागे अभंग ठेवला, आणि दोन्हीकडे जुन्या रूपामुळेच नवे रितेपण ऐकू येते. ‘द वेस्ट लँड’च्या पहिल्या ओळीआधी दिलेल्या अवतरणात बरणीत टांगलेली एक अतिवृद्ध भविष्यवेत्ती आहे, जिला मरायचे आहे पण मरता येत नाही, मर्ढेकरांच्या पिंपातल्या उंदरांना ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. या कवितांवर दुर्बोधतेचा आणि अश्लीलतेचाही आरोप झाला, आणि ‘काही कविता’ या १९४७ सालच्या संग्रहासाठी मर्ढेकरांना न्यायालयात उभे राहावे लागले. त्यात ते निर्दोष ठरले.

मर्ढेकरांजवळ मात्र एक गोष्ट होती जी एलियटला दूरच्या ग्रंथांतून शोधावी लागली : प्रार्थनेची जिवंत बोली. ‘भंगू दे काठिन्य माझे, आम्ल जाऊ दे मनीचे’ असे ते म्हणू शकतात, आणि त्यासाठी त्यांना सात भाषांचे तुकडे गोळा करावे लागत नाहीत. त्या ओळीत कोणत्याही देवाचे नाव नाही. तिच्यात मागितलेले मात्र तेच आहे, ज्याला एप्रिलच्या सरीपासून पळणारी माणसे भीत होती : कडक झालेले आपण फुटावे, मऊ व्हावे.

कोठून वाचायला सुरुवात करावी?

इंग्रजी बेताचे असणाऱ्या वाचकानेही पाचवा भाग आधी वाचावा आणि तो मोठ्याने वाचावा, कारण खडक आणि पाणी हे दोन शब्द समजले तरी त्या एकोणतीस ओळी कळतात. मग पहिला भाग घ्यावा आणि त्यात पाऊस, धुके, समुद्र, नदी जेथे जेथे येतात तेथे पेन्सिलने खूण करीत जावे. दुसऱ्या भागातले गुत्त्यातले संभाषण नाटकासारखे वाचावे; मालक दुकान बंद करण्यासाठी पुन्हापुन्हा घाई करतो तो आवाज त्यात चढत जायला हवा. एलियटच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रण आंतरजालावर सहज ऐकायला मिळते. टिपा शेवटी पाहाव्यात, आणि त्यांच्याआधी बृहदारण्यकातील ती छोटी कथा एखाद्या मराठी भाषांतरातून वाचावी. ती एका पानाचीही नाही.